मशीनने ‘हो’ म्हणण्याआधी काय तपासावं? कोल्हापूरच्या एटीएमपासून तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यापर्यंत

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कोल्हापुरातल्या काही एटीएमसमोर काही माणसं उभी राहिली, एकामागून एक कार्ड घालत गेली आणि मशीन नोटा देत गेलं. कार्डं बनावट होती. त्यामागे खऱ्या खातेदाराने दिलेली परवानगी नव्हती. तरीही मशीनने एकदाही ‘नाही’ म्हटलं नाही. तपासात पुढे आलेल्या माहितीनुसार एकट्या कोल्हापुरातून अशा प्रकारे सुमारे ८९ लाख रुपये काढले गेले.

हा पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरचा सायबर हल्ला होता. त्याच दिवशी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून मिळून सुमारे ७८ कोटी, भारतातल्या एटीएममधून अडीच कोटी आणि १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या एका खात्यात १३ कोटी ९२ लाख रुपये गेले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाखांचा. एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. हे मुख्यतः एटीएममधून पैसे काढणाऱ्या साखळीतले लोक. हल्ल्यामागचे खरे डोकेबाज परदेशात होते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला.

चोर कोण, पैसे कुठे गेले, यावर भरपूर लिहून आलंय. आपण इथे वेगळा प्रश्न घेऊया. एटीएमला ‘पैसे दे’ हा आदेश मिळाला, तेव्हा तो आदेश खरा आहे का, हे कोणी तपासायचं होतं? हा प्रश्न बँकेपुरता नाही. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये तो दर सेकंदाला हजारो वेळा येतो.

## ‘वरच्याने बघितलं असेल’ ही समजूत

एटीएममध्ये कार्ड घातलं की मशीन स्वतः काही ठरवत नाही. ते विचारणा पुढे पाठवतं. मधे ‘स्विच’ नावाचा सर्व्हर असतो. तो बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीला, म्हणजे कोअर बँकिंगला, विचारतो: या खात्यात एवढे पैसे आहेत का? कार्ड चालू आहे का? उत्तर ‘हो’ आलं की स्विच ते मशीनला कळवतो आणि नोटा बाहेर येतात.

कॉसमॉसच्या प्रकरणात हल्लेखोरांनी मालवेअर घुसवून एक बनावट स्विच उभा केला. ठरावीक कार्डांची विचारणा कोअर बँकिंगपर्यंत पोचलीच नाही. मधल्यामध्ये बनावट स्विचच ‘हो, द्या’ म्हणत राहिला. म्हणून तर ग्राहकांच्या खात्यातली शिल्लक जशीच्या तशी राहिली आणि पैसे मात्र गेले. तपासणीची पायरी होती, पण तिला वळसा घातला गेला. आणि आलेलं ‘हो’ खरंच बँकेचं आहे का, हे पुढच्या कोणी तपासलं नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांत, २ ऑक्टोबर २०१८ रोजी, अमेरिकी यंत्रणांनी ‘फास्टकॅश’ नावाने अशाच पद्धतीबद्दल जगभरच्या बँकांना इशारा दिला. त्यातली एक शिफारस नीट बघा: नुसता ‘हो’ पुरेसा मानू नका, त्या उत्तरावरची गुप्त खूण पडताळा. म्हणजे प्रश्न तपासता तसं उत्तरही तपासा.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट आणली. ३१ डिसेंबर २०१९ रोजी ती आणखी कडक केली आणि बँकांना स्विचची सेवा देणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांसाठीही वेगळे नियम काढले. कोल्हापूरसारख्या सहकारी बँकांच्या जिल्ह्यात हा मुद्दा मोठा आहे. छोट्या बँकेचं एटीएम बँकेच्या नावाचं असतं, पण त्यामागचा स्विच बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचा तरी असतो.

आता हाच प्रश्न बँकेतून काढून संगणकाच्या आत नेऊ. तिथे एटीएमच्या जागी एखादं उपकरण असतं, आणि त्याच्या दारात उभा असतो ड्रायव्हर.

## ड्रायव्हर म्हणजे काय?

फोनचा कॅमेरा, स्पीकर, वायफायची चिप, ग्राफिक्स चिप. ही सगळी वेगवेगळ्या कंपन्यांची हार्डवेअर. ॲपला त्यांची भाषा येत नाही. ॲप म्हणतं ‘फोटो काढ’. हे वाक्य त्या चिपला कळेल अशा आदेशात बदलून देणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर.

गंमत आणि धोका एकाच ठिकाणी आहे. ॲपला मर्यादित अधिकार असतात, पण ड्रायव्हर बहुतेक वेळा कर्नलमध्ये चालतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. तिथे चालणाऱ्या कोडला सगळीकडे मुक्त प्रवेश. म्हणून ॲपमध्ये चूक झाली तर ॲप बंद पडतं. ड्रायव्हरमध्ये झाली तर अख्खा फोन बंद पडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यात जातो.

प्रत्येक आदेशासोबत काही आकडे येतात. कुठला ब्लॉक, किती बाइट, कुठल्या जागेपासून. यांना पॅरामीटर म्हणतात. ते तपासणं म्हणजे व्हॅलिडेशन. हे नेमकं कसं करतात, ते समजायला सगळ्यात सोपं उदाहरण एका जुन्या यंत्राचं आहे: टेप ड्राइव्हचं.

## टेप? ती अजून आहे?

आहे, आणि जोरात आहे. कॅसेटसारखी दिसणारी एलटीओ टेप आजही मोठ्या डेटा सेंटरमध्ये बॅकअपसाठी वापरतात. एलटीओ-९ पिढीच्या एका टेपमध्ये १८ टेराबाइट डेटा मावतो आणि आतली फीत एक किलोमीटरहून लांब असते. कपाटात काढून ठेवलेल्या टेपपर्यंत कुठलाच हॅकर इंटरनेटवरून पोचू शकत नाही, हा तिचा मोठा गुण.

फेब्रुवारी २०११मध्ये जीमेलच्या एका सॉफ्टवेअर अपडेटमधल्या चुकीमुळे सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांचे मेल दिसेनासे झाले. डेटाच्या अनेक प्रती होत्या, पण चूक त्या प्रतींपर्यंतही पसरली. शेवटी गुगलने मेल परत आणले ते टेपवरून.

आता या टेपला दिलेल्या आदेशांचा विचार करा. टेपवर मधेच कुठेतरी लिहिलं, तर त्यापुढचा जुना डेटा नेहमीच्या मार्गाने वाचता येत नाही. म्हणजे ‘इथे लिही’ या आदेशातला एक आकडा चुकला, तरी बॅकअपचा पुढचा सगळा भाग हातचा गेला. म्हणून लिनक्समधला टेप ड्रायव्हर आदेश आला की काय काय बघतो, ते शिकण्यासारखं आहे:

१. पाकिटाचा आकार. आदेशासोबत येणाऱ्या माहितीचा आकार ठरलेला असतो. तो जुळला नाही, तर आत काय आहे हे न बघताच ड्रायव्हर आदेश परत पाठवतो.

२. आधी स्वतःकडे प्रत. ॲपच्या मेमरीतले आकडे ड्रायव्हर आधी आपल्या मेमरीत उतरवून घेतो आणि मग तपासतो. का? कारण तपासून झाल्यावर आणि वापरण्याआधी ॲपने हळूच आकडा बदलला तर? चेक दाखवताना ५०० आणि वटवताना ५०,०००, असा प्रकार होईल.

३. अधिकार. काही सेटिंग बदलायला प्रशासकाचे अधिकार लागतात. आदेश बरोबर असला, तरी देणारा माणूस योग्य आहे का, हा वेगळा प्रश्न.

४. मर्यादा. ब्लॉकचा किमान आणि कमाल आकार किती चालतो, हे ड्रायव्हर टेप ड्राइव्हलाच विचारून ठेवतो. नंतर कोणी त्या मर्यादेबाहेरचा आकार मागितला, तर ‘ब्लॉकचा आकार बेकायदा’ अशी नोंद करून नकार देतो.

मर्यादा तपासणं ऐकायला सोपं वाटतं, पण खाचखळगे इथेच आहेत. टेपच्या नेहमीच्या वाचन-लेखन आदेशात लांबीसाठी फक्त तीन बाइटची जागा असते. म्हणजे सगळ्यात मोठा आकडा १,६७,७७,२१५. समजा ॲपने १,६७,७७,२१७ मागितले आणि ड्रायव्हरने न तपासता आकडा तीन बाइटमध्ये कोंबला. वरचा भाग गळून पडतो आणि उरतो १. ॲपला वाटतं दीड कोटीहून जास्त बाइट गेले. प्रत्यक्षात गेला एक. बॅकअप ‘यशस्वी’ झाला, असा हिरवा टिक दिसतो. चूक कळते ती ज्या दिवशी बॅकअपची गरज लागते त्या दिवशी.

दुसरा खड्डा उणे आकड्यांचा. प्रोग्रॅमरने लिहिलं: ‘आकडा १०० पेक्षा मोठा असेल तर नकार दे.’ कोणीतरी पाठवला उणे १. तो १०० पेक्षा लहान, त्यामुळे पास. पुढे तोच आकडा चिन्ह न मानणाऱ्या ३२ बिटच्या जागेत गेला की होतो ४,२९,४९,६७,२९५. दारावर तपासणी झाली, तरी चोर आत!

टेप ड्राइव्ह स्वतःही आदेश तपासतो आणि चुकीचा वाटला तर ‘आदेशातलं रकानं चुकीचं आहे’ असं उत्तर देतो. पण ड्रायव्हरने त्यावर विसंबून चालत नाही, कारण आदेश यंत्रापर्यंत पोचण्याआधीच चुकीचा आकडा कर्नलच्या मेमरीत गोंधळ घालू शकतो. इथे नियम एकच: दोघांनीही तपासायचं. ‘दुसरा बघेल’ असं कोणीच म्हणायचं नाही.

## वीस पानं, एकवीस पाहुणे

हा नियम मोडला की काय होतं, ते १९ जुलै २०२४ रोजी सगळ्या जगाने बघितलं. त्या शुक्रवारी सकाळी भारतीय वेळेनुसार साधारण ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने एक छोटी अपडेट फाइल पाठवली. सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर जाऊन अडकले. आपल्याकडे विमानतळांवर चेक-इन कोलमडलं, प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, त्याचे फोटो तुम्हीही शेअर केले असतील. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की देशातल्या १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला.

कारण काय निघालं? कंपनीने ऑगस्टमध्ये सविस्तर अहवाल दिला. त्यातली मुख्य गोष्ट विश्वास बसणार नाही एवढी साधी आहे. संगणकावर बसवलेला प्रोग्रॅम २० पॅरामीटर पुरवत होता. नवी फाइल २१वा मागत होती.

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. वीस पानं मांडलीत. वाढप्याच्या हातातल्या यादीत मात्र एकवीस नावं. आधीच्या सगळ्या पंगतींत २१व्या नावासमोर ‘काहीही चालेल’ असं लिहिलेलं होतं, म्हणून वाढपी तिकडे कधी फिरकलाच नाही आणि चूक लपून राहिली. १९ जुलैच्या यादीत पहिल्यांदाच २१व्या पानावर नेमकं काय आहे ते बघायला सांगितलं. वाढपी गेला, तर तिथे पानच नव्हतं. हा प्रकार कर्नलमध्ये घडला, त्यामुळे नुसता वाढपी नाही तर अख्खा मांडव आडवा झाला.

विशेष म्हणजे फाइल पाठवण्याआधी तपासणारा एक वेगळा प्रोग्रॅम होता. पण त्यानेही २१ पॅरामीटर मिळणारच असं गृहीत धरलं. आणि संगणकावरच्या प्रोग्रॅमने ‘मला खरंच २१ मिळालेत का?’ हे मोजलं नाही, कारण तपासून आलेलीच फाइल आहे ना! कॉसमॉसमध्ये चोर होता, इथे कोणीही चोर नव्हता. तरी दोन्हीकडे एकच समजूत नडली: वरच्याने बघितलं असेल.

दुरुस्तीचा मुख्य भागही तेवढाच साधा. प्रोग्रॅमला वाचण्याआधी मोजायला लावलं.

## आणि आता तुमचा फोन

‘हे सगळं बँका आणि कंपन्यांचं झालं, माझा काय संबंध?’ असं वाटत असेल तर पुढचं उदाहरण वाचा.

फेब्रुवारी २०२५मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने एक अहवाल प्रसिद्ध केला. सर्बियात एका विद्यार्थी आंदोलकाचा लॉक असलेला अँड्रॉइड फोन डिसेंबर २०२४मध्ये पोलिसांनी सेलेब्राइट कंपनीचं उपकरण लावून उघडला होता. पासवर्ड न विचारता. वापरलेल्या त्रुटींपैकी एक होती सीव्हीई-२०२४-५३१०४, लिनक्सच्या यूएसबी व्हिडिओ ड्रायव्हरमधली. म्हणजे वायरने जोडलेला वेबकॅम ओळखणारा ड्रायव्हर.

चूक काय होती? कॅमेरा जोडला की तो ड्रायव्हरला आपली माहिती देतो: माझ्याकडे अमुक इतक्या प्रकारच्या फ्रेम आहेत. ड्रायव्हर आधी त्या मोजतो, तेवढी जागा मेमरीत राखतो आणि मग माहिती भरतो. पण एका ‘अनिश्चित’ प्रकारच्या फ्रेम मोजताना धरल्या जात नव्हत्या, भरताना मात्र भरल्या जात होत्या. पुन्हा तीच पंगत! फरक एवढाच की क्राउडस्ट्राइकचा वाढपी २१व्या जागी नुसता बघायला गेला होता. इथे वाढप्याने आमटी वाढून टाकली, ती शेजारच्याच्या ताटात. शेजारी कर्नलची मेमरी होती. नेमकी हवी तशी आमटी वाढता आली, तर फोनचा ताबा मिळवायचा रस्ता उघडतो.

हा कोड २००८ सालचा. म्हणजे तुमच्यापैकी काही जण बालवाडीत असल्यापासून ही चूक तिथेच होती. त्या ड्रायव्हरचीही समजूत होती: कॅमेरा आहे, तो कशाला खोटं बोलेल? पण जोडलेली वस्तू कॅमेरा असल्याचं नुसतं सोंग करत असेल तर?

हे अपवादात्मक प्रकरण नाही. गुगलच्या अँड्रॉइड सुरक्षा टीमने २०१६मध्येच सांगितलं होतं की कर्नलमधल्या नोंदवलेल्या बहुतेक त्रुटी ड्रायव्हरमध्ये असतात आणि त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता म्हणजे ड्रायव्हरला थेट आदेश देण्याची सोय. तेव्हापासून अँड्रॉइड कुठल्या ॲपने कुठल्या ड्रायव्हरला कुठले आदेश द्यायचे, याची यादीच ठरवून देतं.

## मग दोष कोणाचा, आणि आपण काय करायचं?

एकट्या प्रोग्रॅमरला दोष देणं सोपं आहे. पण ड्रायव्हर लिहिते चिप बनवणारी कंपनी, तो फोनमध्ये बसवते दुसरी, अपडेट देते तिसरी. छोट्या बँकेतही तसंच: एटीएम एकाचं, स्विच दुसऱ्याचा, खाती तिसऱ्याकडे. जितके हात जास्त, तितकं ‘त्याने तपासलं असेल’ म्हणणं सोपं. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने स्विचवाल्या कंपन्यांना बँकांमार्फत नियम लावले, हे योग्य दिशेचं पाऊल आहे. फोनच्या बाबतीत मात्र शेवटची कडी तुमच्या हातात असते. त्यासाठी चार कामं:

सिक्युरिटी पॅचची तारीख बघा. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेटची तारीख शोधा. साधारणपणे महिन्याची १ तारीख म्हणजे अँड्रॉइडच्या मुख्य भागाच्या दुरुस्त्या, ५ तारीख म्हणजे त्यासोबत कर्नल आणि चिप कंपन्यांच्या ड्रायव्हरच्या दुरुस्त्यासुद्धा. काही कंपन्या तारीख वेगळ्या पद्धतीने दाखवतात, पण महिना आणि वर्ष तरी बघाच. वर सांगितलेली कॅमेरा ड्रायव्हरची दुरुस्ती फेब्रुवारी २०२५च्या अपडेटमध्ये आली. तुमची तारीख त्याआधीची असेल, तर ते दार कदाचित अजून उघडंच आहे.

अपडेट ‘नंतर’वर ढकलू नका. नवीन इमोजी नाहीत म्हणून अपडेट बिनकामाचं ठरत नाही.

फोन घेताना विचारा. सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार? कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, याआधी हा प्रश्न. सेकंडहँड फोन घेताना तर नक्कीच.

अनोळखी यूएसबीपासून लांब. स्टँडवर किंवा स्टेशनवर चार्जिंगला आपला चार्जर लावा. आणि फोन दुसऱ्याच्या हातात जाण्याची शक्यता असेल तेव्हा बंद करा. नुसता लॉक केलेला फोन आणि पूर्ण बंद केलेला फोन यांत फरक आहे: बंद करून चालू केल्यावर पहिला पासवर्ड टाकेपर्यंत तुमचा बहुतेक डेटा कुलूपबंद राहतो.

आणि तुम्ही कोल्हापुरात, सांगलीत किंवा कुठेही इंजिनिअरिंग, बीसीए करत असाल, तर प्रॅक्टिकलमध्ये कोड लिहिताना स्वतःला चार प्रश्न विचारायची सवय लावा. आकडा शून्य आला तर? उणे आला तर? अपेक्षेपेक्षा एक जास्त आला तर? आणि तपासल्यानंतर बदलला तर? परीक्षेत याचे मार्क मिळतीलच असं नाही. पण उद्या एखाद्या बँकेचा स्विच किंवा एखाद्या फोनचा ड्रायव्हर तुमच्यापैकीच कोणीतरी लिहिणार आहे.

कोल्हापूरच्या त्या एटीएमने त्या दिवशी बिघाड म्हणून नोटा दिल्या नाहीत. त्याला जसं सांगितलं होतं, अगदी तसंच ते वागलं. अडचण तीच होती.